नाकावाटे लस : सोय किती, संरक्षण किती?

नाकावाटे द्यायच्या लसीचा विषय निघाला की तिच्या बाजूने तीन मुद्दे हमखास मांडले जातात. सुई टोचावी लागत नाही. लस देणे सोपे जाते. आणि रोगजंतू ज्या दारातून आत शिरतात तेथेच पहारा बसत असल्याने रोगाचा फैलावही थांबतो. यांपैकी पहिले दोन मुद्दे सोयीचे आहेत, तिसरा संरक्षणाचा. बातम्या आणि जाहिराती हे तिन्ही एका दमात सांगतात. त्यामुळे सोयीबद्दल वाटणारी खात्री संरक्षणालाही नकळत लागू केली जाते. म्हणून हे दोन्ही दावे वेगवेगळे तपासले पाहिजेत.

शाळांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा का, हे महाबळेश्वर तालुक्यातील एका घटनेवरून कळते. जून-जुलै २००९ मध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लूची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. शाळेतील ४१५ जणांपैकी २९५ जणांना फ्लूसारखा आजार झाला. रक्ततपासणीत शाळेतील ५२ टक्के लोकांत या नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. आसपासच्या वस्तीत हे प्रमाण अवघे ९ टक्के होते. एकत्र झोपणे, जेवणे आणि शिकणे असेल तेथे श्वासावाटे पसरणारा रोग किती झपाट्याने फैलावतो, हे या दोन आकड्यांतून दिसते. अशा ठिकाणी फैलाव रोखणारी लस खरोखरच मोलाची ठरेल.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने या विषाणूवरील नाकात फवारायची लस बाजारात आणली. तीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू होता. तो थंड तापमानात वाढण्यास सरावलेला असतो. नाकातील हवा फुफ्फुसांपेक्षा थंड असल्यामुळे तो नाकात थोडाफार वाढतो. फुफ्फुसांच्या उबेत मात्र त्याची वाढ खुंटते. अशा रीतीने आजार न होता शरीराला शत्रूची ओळख पटते.

यामागील तर्क भक्कम आहे. दंडावर टोचलेल्या लसीमुळे प्रतिपिंडे प्रामुख्याने रक्तात तयार होतात. नाकाच्या ओलसर अस्तरावर मात्र आयजीए या वेगळ्या प्रकारच्या प्रतिपिंडांचा पहारा असतो आणि तो उभा करण्यासाठी लस त्याच अस्तरावर पोहोचणे उपयोगी ठरते. पोलिओच्या तोंडावाटे दिलेल्या थेंबांनी आतड्यात असेच स्थानिक संरक्षण मिळते, हे शिक्षकांना ठाऊक आहेच. पण नाकाचे मूळ कामच बाहेरून आलेले कण अडवून घशाकडे ढकलण्याचे आहे. सूक्ष्म केसलांच्या हालचालीमुळे नाकात पडलेला पदार्थ साधारण १५ ते २० मिनिटांत पुढे सरकवला जातो. लसीला तेवढ्या अवधीत आपले काम साधावे लागते.

तर्क झाला, आता पुरावा पाहू. पुण्यातच बनलेल्या हंगामी फ्लूच्या नाकावाटे द्यायच्या लसीची चाचणी २०१३ मध्ये बांगलादेश आणि सेनेगल येथील लहान मुलांवर झाली. बांगलादेशात लसीशी जुळणाऱ्या विषाणूंपासून सुमारे ५७ टक्के संरक्षण मिळाले. सेनेगलमध्ये संरक्षण दिसलेच नाही. लस तीच, वर्ष तेच, निष्कर्ष मात्र भिन्न! अमेरिकेतही अशा प्रकारच्या लसीचा प्रभाव कमी आढळल्याने २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन हंगामांत तिची शिफारस थांबवली गेली. २०१८-१९ पासून ती पुन्हा सुरू झाली.

श्वासावाटे द्यायच्या गोवरलसीची चाचणी तर भारतातच झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधक तीत सहभागी होते आणि ९ ते १२ महिन्यांच्या २००४ बालकांचा तीत समावेश होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुखवट्यातून लस दिलेल्या ८५.४ टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली, तर टोचलेल्या बालकांत हे प्रमाण ९४.७ टक्के होते. सुई टळली, पण संरक्षण उणे पडले. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य रोगात नऊ टक्क्यांचा हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

कोविडवरील भारत बायोटेकची नाकात थेंब टाकायची लस सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली. तिच्या सुमारे ३१०० स्वयंसेवकांवरील चाचणीत मुख्यतः प्रतिपिंडे मोजून त्यांची तुलना टोचायच्या लसीशी केली होती. रोगाचा फैलाव किती घटतो हे मोजण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. तरीही ‘फैलाव थांबवणारी लस’ असे तिचे वर्णन अनेक ठिकाणी झाले. जे मोजलेच नाही ते सिद्ध झाले असे म्हणणे विज्ञानाला धरून नाही.

सुई नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात वापरलेल्या नाकावाटे द्यायच्या एका फ्लूलसीनंतर चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू लुळे पडण्याचा धोका सुमारे १९ पट वाढल्याचे आढळले आणि ती लस वापरातून काढून घेण्यात आली. त्या लसीत परिणाम वाढवण्यासाठी जिवाणूचे एक विष मिसळले होते. इतर लसींना हा दोष लागू होत नाही. पण नाकाचा मार्ग आपोआप निर्धोक ठरत नाही, एवढे यातून दिसते.

औषधांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अपस्माराचा झटका आलेल्या मुलाच्या नाकात मिडाझोलम फवारले की ते तेथील दाट रक्तवाहिन्यांतून लवकर रक्तात जाते आणि झटका थांबला की नाही हे काही मिनिटांतच कळते. लसीचे यश मात्र जे घडले नाही त्यावरून ठरते. म्हणूनच लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांची तुलना करावीच लागते.

नाकावाटे लस देण्याची कल्पना टाकाऊ आहे असे मुळीच नाही. तिच्यावरील संशोधन चालू राहायला हवे. पण अशा लसीची बातमी वर्गात वाचली जाईल तेव्हा विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे : चाचणीत नेमके काय मोजले, तुलना कशाशी केली, आणि ती कोणत्या वयाच्या व कोणत्या प्रदेशातील लोकांवर झाली? वसतिगृहातील मुलांसाठी लस निवडण्याची वेळ आली तर शाळांनीही सुईच्या भीतीआधी याच प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडून मिळवावीत.