दर सांगताय, पण किती वेळाचा?

25 जुलै 2024 च्या सकाळी ताम्हिणीचा आकडा आला: 24 तासांत 556 मिमी. आम्हा मुळशीकरांना पावसाचं फारसं अप्रूप नाही, तरी तो आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. भागाकार केला तर तासाला साधारण 23 मिमी. पण त्या रात्री घाटातल्या ओढ्यांवर सर्वात जोराची सर किती दराने कोसळली? ते या आकड्यातून कळत नाही.

माझा आक्षेप आकड्यावर नाही. ऋतूची बेरीज करायला, जुन्या नोंदींशी तुलना करायला 24 तासांची विंडो उत्तम आहे. अडचण होते ती तिच्याकडून पुराचं उत्तर मागितल्यावर. 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा पाऊस घ्या. 24 तासांत 944 मिमी, म्हणजे सरासरी तासाला 39. प्रत्यक्षात दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच 190 मिमीहून जास्त पडला. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिमीच्या हिशेबाने बांधलेली. सरासरी बघून ती 40 ची केली असती, तरी त्या तासाला ती अपुरीच पडली असती.

मग विंडो लहान करा की! पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं. टिपिंग बकेट पर्जन्यमापकात छोटी वाटी भरली की कलंडते आणि एक नोंद होते. माझ्या मापकात एक नोंद म्हणजे 0.5 मिमी. मी एक मिनिटाची विंडो लावली. वाटी कलंडली की दर तासाला 30 मिमी, पुढच्या मिनिटाला शून्य! रिमझिम पाऊस आलेखात मुसळधार दिसायला लागला. सरांनी एकच विचारलं, "हा पाऊस आहे की वाटीची खटखट?"

सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे. प्रोमिथियसमधला काउंटर वाटीसारखाच मोजत जातो आणि दर म्हणजे विंडोतली वाढ भागिले वेळ. विंडोत किमान दोन नोंदी नसतील तर उत्तरच येत नाही, म्हणून नोंदींमधल्या अंतराच्या चौपट विंडो घ्यावी असा संकेत आहे. पण बरेच जण उदाहरणातली 5 मिनिटं जशीच्या तशी उचलतात. मग 30 सेकंदांचा एररचा झटका सरासरीत एक दशांश होतो आणि अलार्म वाजतच नाही.

आणखी एक खोच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला बदलतो. पाऊस त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे पडला की तो दोन दिवसांत वाटला जातो. म्हणून जलशास्त्रात ठरलेल्या दिवसाच्या कमाल पावसाला सरासरी 1.13 ने गुणून सरकत्या 24 तासांचा अंदाज बांधतात. विंडो किती मोठी, इतकंच पुरत नाही. ती कुठून सुरू होते, हेही बघावं लागतं.

त्यामुळे प्रबंधात नुसतं "5 मिनिटांचा दर घेतला" लिहू नका. नोंदींमधलं अंतर किती, मोजणीची सर्वात लहान पायरी किती आणि जी घटना पकडायची ती किती वेळ टिकते, हे तिन्ही लिहा. विंडो निकाल बघण्याआधी ठरवा, मग दुप्पट आणि निम्मी करून बघा. निष्कर्ष उलटला, तर तो पावसाचा नव्हताच. तुमच्या विंडोचा होता.