कंपवाताची गणना आणि खानदेशातील बोली

मुंबईतील पारशी वसाहतींच्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४,०१० व्यक्तींमध्ये पार्किन्सनच्या रोगाचे ४६ रुग्ण आढळले. म्हणजे लाखामागे ३२८. बंगळूर जिल्ह्याच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हेच प्रमाण लाखामागे ३३ आहे. या दहापट अंतरास प्रादेशिक भेद म्हणणे घाईचे होईल. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. अमेरिकेच्या १९६० मधील वयोरचनेशी मेळ घालताच ३२८ चा आकडा १९२ वर येतो. उरलेले अंतर तरी सर्वस्वी रोगाचेच आहे काय?

घरोघरच्या पाहणीचे पहिले साधन प्रश्नावली होय, आणि प्रश्नावली ही भाषिक रचना आहे. ‘कंपवात’ ही संज्ञा कंपावर बोट ठेवते. निदानास मात्र हालचालींचे मंदत्व आवश्यक असते; कित्येक रुग्णांत कंप नसतोही. जळगाव-धुळ्याकडील अहिराणी, लेवा, भिली वा पावरी बोलणाऱ्या घरांत ‘हात कापतो काय?’ एवढेच प्रमाण मराठीत विचारल्यास मंदावलेला वृद्ध ‘वय झाले’ या सदरात पडून गणनेबाहेर राहील. पुढे प्रश्न सुधारले की आकडा वाढेल, आणि ती वाढ रोगाचीच मानली जाईल.

तात्पर्य, खानदेशात अशी पाहणी करावयाची तर अंथरुणातून उठणे, चालणे, गुंडी लावणे यांविषयीचे प्रश्न त्या त्या बोलीत आधी पारखून घ्यावेत आणि तेच पुढील प्रत्येक पाहणीत कायम ठेवावेत. त्याविना दोन प्रदेशांची वा दोन काळांची तुलना निराधार ठरते.