ई. एल. डॉक्टरो यांची ‘द मार्च’ : विध्वंस आणि मुक्ती यांचा एकच रस्ता

प्रस्तावना

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-१८६५) उत्तरेचा सेनापती विल्यम टेकम्से शर्मन याने सुमारे ६२,००० सैनिकांसह १५ नोव्हेंबर १८६४ रोजी अटलांटा सोडले आणि २१ डिसेंबर रोजी सव्हाना शहर ताब्यात घेतले. रसदीचा मार्ग मागे तोडून ही फौज जॉर्जियातील शेतमळ्यांवर जगली. रेल्वेचे रूळ तापवून झाडांभोवती पिळण्यात आले, गिरण्या व कापसाचे साठे जाळण्यात आले. स्वतः शर्मनने नुकसानीचा अंदाज दहा कोटी डॉलर दिला. त्यांपैकी दोन कोटींचा लाभ सैन्याला झाला आणि उर्वरित निव्वळ नासधूस होती, हेही त्याने मान्य केले. ई. एल. डॉक्टरो (१९३१-२०१५) यांच्या ‘द मार्च’ (२००५) या कादंबरीचा हाच विषय होय. या कादंबरीतील मुक्तीच्या चित्रणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दृष्टिबिंदूतील बदल

मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) या कादंबरीत शर्मनची फौज मळेवाल्याच्या घरातून दिसते. त्यामुळे तेथे मोहीम म्हणजे केवळ लूट आणि उपासमार ठरते. डॉक्टरो कथेला घराबाहेर काढून रस्त्यावर आणतात. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना व नॉर्थ कॅरोलायना असे तीन भाग करून ते फौजेसोबत चालतात. लष्करी शल्यविशारद सार्टोरियस याला हे सैन्य हजारो पायांच्या एखाद्या अजस्र प्राण्यासारखे वाटते. या प्राण्याला भूक आहे, विवेक नाही. तरीही त्याच्या मागे गुलामीतून सुटलेली माणसे चालू लागतात. मालकाचे कोठार जळते तेव्हाच गुलामाची बेडी तुटते. एकाच घटनेचे हे दोन अर्थ परस्परांना खोडत नाहीत, हे या कादंबरीचे मोठे यश आहे. मळेवाल्याची पत्नी मॅटी जेमसन आणि त्याच मळेवाल्यापासून गुलाम स्त्रीला झालेली पर्ल या दोघी अखेर एकाच रस्त्यावर येतात. जुन्या व्यवस्थेचा अंत याहून नेमका दाखवता येणे कठीण आहे.

मुक्तीची मर्यादा

मात्र फौज मुक्तिदात्री होती काय, हा प्रश्न उरतोच. ९ डिसेंबर १८६४ रोजी एबेनेझर क्रीक येथे उत्तरेच्याच जनरल जेफरसन सी. डेव्हिस याने आपले सैनिक पार होताच तरंगता पूल काढून घेतला. मागे राहिलेल्या कृष्णवर्णीयांपैकी अनेक जण पाण्यात बुडाले, अनेक जण शत्रूच्या हाती सापडले. पुढे १६ जानेवारी १८६५ च्या आदेशाने मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ करण्यात आली. परंतु त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या धोरणामुळे बहुतेक जमीन पूर्वीच्या मालकांकडे परत गेली. सैन्याच्या लेखी हे लोक प्रथम ओझे होते आणि नंतर माणसे, असा या इतिहासाचा अर्थ होतो.

ही विसंगती डॉक्टरो यांना ठाऊक आहे. त्यांचा शर्मन गुलामीचा शत्रू म्हणून लढत नाही. तो मुलाच्या मृत्यूने पोळलेला, युद्धातच जिवंत वाटणारा सेनानी आहे. परंतु कादंबरीची रचना येथे एक तडजोड करते. मुक्त जनांची प्रतिनिधी म्हणून निवडलेली पर्ल वर्णाने गोरी दिसते. नगारा वाजवणाऱ्या मुलाच्या वेषात ती फौजेत सामावते आणि गोरी म्हणून जगण्याचा पर्याय तिला उपलब्ध राहतो. कातडीचा रंग लपवता न येणाऱ्या हजारोंना ही वाट बंद होती. कॅल्विन हार्पर या कृष्णवर्णीय छायाचित्रकारासारखे अपवाद वगळता ते कथेच्या कडेला समूह म्हणूनच राहतात. पर्लची द्विधा मनःस्थिती लेखकाने प्रांजळपणे रंगवली आहे, हे खरे. तथापि वाचकाची सहानुभूती ज्या पात्रावर एकवटते त्याच्यापाशी सुटकेचे असे साधन आहे जे इतरांपाशी नाही.

निष्कर्ष

‘द मार्च’ विध्वंसाचे गौरवीकरण करीत नाही आणि मळेवाल्यांच्या शोकातही सामील होत नाही. साखळी तोडणे आणि माणसाला उभे करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सैन्य पहिली करू शकते, दुसरी नाही, हे सत्य ती समर्थपणे मांडते. त्या दुसऱ्या क्रियेवाचून मागे राहिलेल्यांना स्वतंत्र चेहरे मिळाले असते, तर हे सत्य अधिक बोचले असते.