लावण, खोडवा आणि गाणं

शिरोली एमआयडीसीला लागून रान असलं की कानाला दोन सवयी लागतात. एकीकडं फौंड्रीची घरघर, दुसरीकडं उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. पण ट्रॅक्टरवरचं ते गाणं हल्ली मूळ गायकाचं असेलच असं न्हाई. चाल तीच, गळा भलत्याचाच. पोरं त्याला ‘कव्हर’ म्हणतात. जाणकार नाक मुरडतात, पोरं नाचतात. दोघांनीही जरा थांबून ऐकावं, असं मला वाटतं.

ही तऱ्हा काही आजची न्हाई. १९७२ च्या ‘पिंजरा’ची गाणी आपल्या जिल्ह्यातल्या जगदीश खेबुडकरांनी लिहिली, राम कदमांनी चाली बांधल्या. पुढं ती ऑर्केस्ट्रावाल्यांनी गायली, वरातीतल्या बँडनं वाजवली. मग कॅसेटा आल्या. टी-सीरिजनं जुनी हिंदी गाणी नव्या गळ्यांतून स्वस्तात घरोघरी पोचवली. सोनू निगम आधी रफीसाहेबांची गाणी गाऊनच लोकांना माहीत झाला. म्हणजे दुसऱ्याचं गाता गाता गायक घडतो, हे मानलंच पायजे.

मग चांगलं कुठलं, वाईट कुठलं? फौंड्रीत एका पॅटर्नवर हजार नग ओततात. हजारावा नग पहिल्यासारखा निघाला की मालक खूश. गाण्यात हे चालत न्हाई. हुबेहूबच ऐकायचं, तर पहिलं काय वाईट होतं?

गाण्याचं नातं उसाच्या खोडव्याशी. लावण तुटली की त्याच बुडख्यातनं दुसरं पीक फुटतं. बेण्याचा खर्च न्हाई, नांगरट न्हाई. फुकटचं म्हणून माणूस त्याच्याकडं बघत न्हाई आणि उतारा घटतो. पण बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट कुजवलं, नांग्या भरल्या, तर खोडवा लावणीच्या तोडीस तोड येतो. मूळ जुनं, फुटवा नवा.

याच मापानं दोन गाणी मोजू. दोन्हींची चाल अजय-अतुल यांची, आणि हिंदीतही ती त्यांनीच नेली. ‘जत्रा’तलं ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये त्याचं ‘चिकनी चमेली’ झालं. जोडीच्या गाण्यातली छेडाछेडी तिथं गेली, पण श्रेया घोषालनं एकटीनं आवाजाला अशी धार लावली की नांगी भरून निघाली. हा खोडवा.

दुसरं ‘झिंगाट’. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये ते करमाळ्याकडच्या गावातल्या पोराचं गाणं आहे. त्याचा उतावळेपणा, त्याचा भाबडा डौल, त्याची बोली, सगळं शब्दांत हाय. २०१८ च्या ‘धडक’मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. चाल आली, ठेका आला, ‘झिंगाट’ हा शब्दसुद्धा आला. तो पोरगा तेवढा मागंच राहिला. तिथली माती त्या शब्दांना लागलीच न्हाई. नाच म्हटलं तर नाचता येतं, पण हा नग ओतलेला.

आता बेण्याचं बोलू. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. मूळ गाणं रेकॉर्ड झाल्याचं वर्ष संपल्यावर पुढं ५ वर्षं गेल्याशिवाय, नुसती रॉयल्टी भरून त्याचं कव्हर काढता येत न्हाई. ते कव्हर आहे, असं वेष्टनावर छापावंही लागतं. पण मोबाईलवर वाजणाऱ्या गाण्याचं वेष्टन कोण बघतो? आमच्या पोरांना गाणारा चेहरा माहीत असतो. लिहिणारा, चाल बांधणारा माहीत नसतो. खेबुडकर याच जिल्ह्यातले, तरी त्यांचं गाणं गुणगुणणाऱ्याला त्यांचं नाव ठाऊक नसावं, हे मला डाचतं.

दुसऱ्याचं गाणं खुशाल गावं. पण लावण कुणाची होती, ते आधी सांगावं. आणि मग आपल्या घामाचं काय घातलं, ते गळ्यातनं ऐकू यावं. खोडव्याला आणि गाण्याला, दोन्हीला राखण लागतेच.