‘गड आला, पण सिंह गेला’ : एका उक्तीची उत्पत्ती

लोकप्रिय उक्तीच्या उगमाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : हे वाक्य त्या व्यक्तीने खरोखर उच्चारले होते काय? हा प्रश्न किती अपुरा आहे, हे ‘गड आला, पण सिंह गेला’ या उक्तीच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले; शिवाजीमहाराजांनी शोकाने हे उद्गार काढले आणि त्यावरून गडाचे नाव सिंहगड झाले, अशी सर्वश्रुत कथा आहे. तथापि महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच येतो. म्हणजे नाव घटनेच्या जवळजवळ सात वर्षे आधीचे आहे. उक्तीतून नाव निघालेले नाही. नावातून उक्ती निघाली, असेच म्हणावे लागते.

१६९७ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीची साक्ष येथे उद्बोधक ठरते. तीही घटनेनंतर पाव शतकाने लिहिलेली असल्यामुळे प्रत्यक्ष उद्गाराचा पुरावा नव्हे; मात्र उक्तीच्या घडणीची एक आधीची अवस्था तिच्यात दिसते. तेथे महाराजांच्या तोंडी येणारा आशय असा, की एक गड घेतला, पण दुसरा गेला. या रचनेत तानाजी स्वतःच गड आहे. सिंह कोठेही नाही. पुढे परंपरेने दुसऱ्या गडाच्या जागी सिंह आणला. ‘सिंहगड’ हे सामासिक नाव आधीच रूढ असल्यामुळे हे शक्य झाले. नावाचे दोन अवयव उक्तीने सुटे केले, एकाला ‘आला’ जोडले, दुसऱ्याला ‘गेला’. समासाचा विग्रह हाच येथे शोकाचा आकृतिबंध होतो.

क्रियापदांतील बदलही अर्थपूर्ण आहे. ‘घेणे’ या क्रियेला घेणारा लागतो. ‘आला’ आणि ‘गेला’ ही दोन्ही अकर्मक रूपे जिंकणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवतात. त्यामुळे उक्ती प्रसंगापासून मोकळी झाली. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीने तिचे शीर्षक केले; त्या कादंबरीवर १९३३ चा ‘सिंहगड’ हा चित्रपट बेतला गेला. आज पक्ष निवडणूक जिंकतो आणि त्याचा नेता पराभूत होतो, तेव्हाही तीच उक्ती सहज ओठांवर येते.

उक्तीला शब्दशः सत्य मानणारा श्रद्धाळू आणि ती खोटी ठरवून समाधान पावणारा खंडक, दोघांचे गृहीतक एकच असते : वाक्याचे मोल ते कोणी उच्चारले यावर ठरते. या गृहीतकात हरवतो तो तिचा खरा कर्ता. एका मावळ्याच्या मृत्यूचे मोल गडाइतके, किंबहुना अधिक, ठरवणारा निर्णय या उक्तीत आहे; आणि पिढ्यानपिढ्या ती घडवत आलेल्या समाजाने तो आपला म्हणून स्वीकारला आहे. पत्राची तारीख कथेला बाधित करते, या निर्णयाला नव्हे.