गुप्तहेराचा वेश : स्टीड आणि झुंजार

नाशिक जिल्ह्यातील विंचूर हे गाव मराठ्यांच्या इतिहासात ओळखले जाते ते पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्यामुळे. अशा सरदारांच्या लष्कराचे डोळे आणि कान म्हणजे जासूद. त्याच्या व्यवसायाचा पहिला नियम असा की, त्याने कोणाच्याही नजरेत भरू नये. शिवकालातील बहिर्जी नाईकांविषयीच्या आख्यायिकांतही फकीर, गोसावी अशी सोंगेच येतात. स्वत्व लोपविणे हेच येथे कौशल्य होय.

या परंपरेत वाढलेल्या वाचकाला जॉन स्टीड हा इंग्रज गुप्तहेर प्रथमदर्शनी विपरीत वाटावा. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ ही दूरचित्रवाणी मालिका ब्रिटनमध्ये १९६१ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. मुंबईत दूरचित्रवाणी आली ती १९७२ मध्ये. त्यामुळे येथील प्रेक्षकाला तिचा समकालीन परिचय होणे शक्यच नव्हते. पॅट्रिक मॅक्नी यांनी रंगविलेला स्टीड आरंभी साध्या पावसाळी कोटात वावरणारा दुय्यम सहकारी होता. पुढे त्याला बोलर हॅट, जुन्या धाटणीचा रेखीव सूट आणि छत्री प्राप्त झाली. हॅटला आतून पोलाद, छत्रीत तलवार. बंदूक मात्र क्वचितच. हा वेश लपण्यासाठी नाही, दिसण्यासाठी आहे. आणि तो इतका दिसतो की, त्यामागील माणसाचा संशय कोणास येत नाही. सुएझच्या १९५६ मधील नामुष्कीनंतर ज्या साम्राज्याचा दरारा ओसरला, त्याचा पोशाख तेवढा येथे उरला आहे, आणि मालिका त्याकडे मिस्किलपणे पाहते.

मराठीत या नायकाचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार. अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, धनंजय, काळापहाड ही नावे घरोघर पोहोचविली. झुंजार स्टीडच्या पूर्वीचा; तेव्हा अनुकरणाचा प्रश्न उद्भवत नाही. दोघांचे कूळ मात्र एकच दिसते. हॉर्नंगचा रॅफल्स आणि बॅरोनेस ऑर्झीचा ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ हे सभ्य वेषाआड साहस दडविणारे नायक इंग्रजीत शतकाच्या उंबरठ्यावरच अवतरले होते. स्टीड घडविताना पिंपर्नेल आपल्यासमोर होता, असे मॅक्नी यांनीच सांगितले आहे.

परंतु कूळ एक असले तरी वेशाचा अर्थ एक नाही. स्टीडला सूट वारशाने मिळाला आहे. म्हणून तो त्याची थट्टा करू शकतो. मराठी वाचकाच्या लेखी तोच सूट राज्यकर्त्याचा पोशाख होता. तो अंगावर चढवून कायद्याच्या पुढे चार पावले चालणारा मराठी माणूस पाहण्यात जो आनंद होता, त्यात थट्टेला वाव नव्हता. झुंजारचा रुबाब हे मिळविलेले प्रतिष्ठापद आहे. अर्नाळकरांच्या कथेत विनोद विरळ आणि गांभीर्य अधिक का, याचे एक उत्तर येथे सापडते.

दुसरा भेद स्त्रीपात्रांचा. स्टीडची सहकारी कॅथी गेल हिच्या आरंभीच्या काही संहिता मूळ पुरुषपात्रासाठी लिहिलेल्या होत्या. त्या फारशा न बदलता स्त्रीला मिळाल्या, आणि त्यातून बरोबरीचे नाते अनायासे निर्माण झाले. झुंजारची विजया साहसात सहभागी होते, पण पत्नी म्हणून. ही अर्नाळकरांची मर्यादा आहे, तशीच त्यांच्या वाचकवर्गाचीही.

मराठी समीक्षेने या वाङ्मयास ‘उसने’ ठरवून फार काळ दाराबाहेर ठेवले. उसनवारी नाकारण्याचे कारण नाही. मात्र काय उसने घेतले यापेक्षा घेतल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. त्याचे उत्तर त्या स्वस्त कागदावरील पुस्तकांतच आहे, आणि तो कागद टिकाऊ नाही. विंचूरसारख्या गावांतील घरांच्या माळ्यांवर व जुन्या वाचनालयांच्या कपाटांत ज्या प्रती उरल्या असतील, त्या मिळविणे व जतन करणे हे अभ्यासाचे पहिले पाऊल होय. ते आज टाकले नाही, तर उद्या मतभेदालाही आधार उरणार नाही.