डोक्यातून उगवलेले हात

एका तरुणीच्या डोक्यातून आणखी दोन हात वर आले आहेत. काळेभोर, निमुळत्या मनगटांचे, प्रत्येक बोट सुटं. ते तिच्याच केसांचे आहेत. खाली तिचा चेहरा आहे आणि तो आपल्याकडे बघतो आहे. पहिल्या नजरेत आपण हातांतच अडकतो, बोटं मोजतो, हे जमवलं कसं असेल म्हणून चक्रावतो. मग नजर खाली येते, चेहऱ्यावर थांबते, आणि माझ्या मते चित्राला खरी सुरुवात तिथे होते. कारण हे शिल्प ज्या चौथऱ्यावर उभं आहे तो चौथरा जिवंत आहे, त्याला डोळे आहेत, आणि आपण कसे बघतो आहोत हे तो न्याहाळतो आहे.

ही लेतिसिया की. जन्म 1996, आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरातला. विशीच्या सुरुवातीला तिने स्वतःच्या केसांचे आकार घडवून त्यांची छायाचित्रं काढायला सुरुवात केली आणि 2017 साली त्यांतली काही जगभर पोचली. अशा केसांच्या हातांची छायाचित्रं तिने पुष्कळ केली आहेत. त्याच घराण्यातलं आणखी एक चित्र म्हणजे दंड वळवून बेडकी दाखवणारा हात. बेडकीचा फुगवटा, कोपराचा काटकोन, आवळलेली मूठ, सगळं केसांत. शक्तिप्रदर्शनाची ही मुद्रा एरवी पैलवानाची. इथे ती एका सडपातळ मुलीच्या माथ्यावर, तिच्या शरीराचाच एक अवयव असल्यासारखी उगवते. ‘स्त्री सबला आहे’ असं लिहिलेला फलक तिने हातात धरला असता तर मी पुढे निघून गेलो असतो. या केसांच्या दंडाशी मात्र मी रेंगाळतो, कारण त्याचं बळ कुठून आलं ते समोर दिसतं. ते मुळापासून आलं आहे, शब्दशः.

मुळाशी काय होतं तेही सांगायला हवं. लेतिसियाच्या लहानपणी तिचे केस रसायनाने सरळ केले जात. पश्चिम आफ्रिकेतल्या शहरांत ही अगदी नेहमीची गोष्ट. या रसायनांतल्या कडक प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. केसाला त्याचं वळण देणारे गंधकाचे बंध तो तोडतो. एकदा तुटलेले बंध परत जुळत नाहीत. जरा वेळ चुकला तर टाळू भाजते. आणि केस वाढतच असतात, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी मुळाशी आलेल्या नव्या, कुरळ्या केसांवर तोच प्रयोग पुन्हा. एखाद्या मुलीचं बालपण या वेळापत्रकाने चालतं तेव्हा ती काय शिकते? डोक्यातून जे आपोआप उगवतं ते दुरुस्त करायचं असतं, हे शिकते. तेल थापून, चापूनचोपून वेणी घातल्याखेरीज शाळेत पाऊल ठेवू न दिलेल्या आपल्याकडच्या कुरळ्या केसांच्या मुलींना या शिकवणुकीची एक सौम्य छटा ठाऊक असेल. पण आफ्रिकेत आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत या गोष्टीला वसाहतवादाचा आणि वर्णाचा जो भार आहे तो वेगळाच. 2016 साली प्रिटोरियातल्या शाळकरी मुलींना आपले केस आहेत तसे राखण्यासाठी शाळेच्या नियमांविरुद्ध उभं राहावं लागलं. 2019 साली कॅलिफोर्नियाला केसांच्या पोतावरून आणि केशरचनेवरून भेदभाव होऊ नये म्हणून खास कायदा करावा लागला. लेतिसियाने किशोरवयात रसायन सोडलं आणि पुढे वसाहतपूर्व काळातल्या आफ्रिकी स्त्रियांच्या केशरचनांची छायाचित्रं तिच्या पाहण्यात आली. उंच, रुंद, शिंगांसारख्या, मुकुटांसारख्या रचना. तिच्या कामाचं बीज तिथलं आहे.

आता कारागिरीकडे बघू, कारण तिच्याकडे बघितल्याशिवाय या चित्रांची गोडी पुरती लागत नाही. तार वाकवून आकाराचा सांगाडा करायचा. स्वतःचे केस पुरणार नाहीत म्हणून त्यांत गंगावन मिसळायचं. मग पेड घालत, गुंडाळत केस तारेवरून चढवत न्यायचे, जिथे सुटतील तिथे सुई-दोऱ्याने टाके घालायचे, लागेल तिथे लोकर. हे बरंचसं आरशात बघून, स्वतःच्याच डोक्यावर. साधा आकार झटपट होतो, गुंतागुंतीच्या आकाराला तासन्‌तास लागतात. यातली एकही वस्तू चित्रकाराच्या दुकानातली नाही. तार सोडली तर सगळं केशभूषेच्या आणि शिवणकामाच्या डब्यातलं. दोऱ्याने केस गुंडाळून उभे करण्याची रीत तर पश्चिम आफ्रिकेत जुनीच. लेतिसियाने हे तंत्र शोधलं नाही, पुढे नेलं.

आणि ज्या केसाला लहानपणी दोष मानलं तोच इथे उपयोगी पडतो. अशा केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा-लांबट असतो. तो उगवतानाच वळत जातो आणि शेजारच्या केसाला धरतो. सरळ केस तारेवरून निसटले असते. हे केस रचलेला आकार धरून ठेवतात, गुरुत्वाकर्षणाला लगेच शरण जात नाहीत. ताणल्यावर ते दिसतात त्यापेक्षा कितीतरी लांब भरतात, म्हणजे त्यांत आकार घ्यायला भरपूर वाव दडलेला असतो. तिची चित्रं जवळून पाहताना मला सर्वांत आनंद देते ती टाळूलगतची जागा. केस कपाळावरून, कानांमागून वर ओढून घेतलेले, भांगाच्या रेषा स्पष्ट, आणि मग हळूहळू ते केस ‘केस’ राहत नाहीत, मनगट होतात. नेमके कुठे होतात ते सांगता येत नाही. चांगल्या गायकाच्या मिंडेत पहिला स्वर संपून दुसरा कधी लागला हे जसं पकडता येत नाही, तसंच हे. तिने हा सांधा टोपीने किंवा पट्टीने झाकला असता तर कारागिरी सोपी झाली असती आणि चित्र मेलं असतं.

केशरचनेच्या छायाचित्रांची आफ्रिकेत एक थोर परंपरा आहे आणि तिच्याशेजारी ठेवल्यावर लेतिसियाचं वेगळेपण उजळतं. नायजेरियाचे छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (1930–2014) यांनी 1968 पासून आपल्या देशातल्या स्त्रियांच्या केशरचना टिपायला घेतल्या आणि जवळजवळ हजार छायाचित्रं केली. कृष्णधवल, मागे कोरा पडदा, आणि बहुतेकांत स्त्री पाठमोरी. चेहरा नाही. मानेची रेघ, कानाची पाळी, आणि वर दोऱ्याने गुंडाळलेल्या बटांची वास्तू. ‘वास्तू’ हा शब्द इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या लागोसमध्ये उंच इमारती उभ्या राहत होत्या, पूल बांधले जात होते आणि बायका त्यांची नावं केसांना देत होत्या. ‘ओनिले गोगोरो’ ही त्यांतली एक रचना, अर्थ साधारण ‘उंच घर’. कसलं मनोहर नातं आहे हे! शहर वर चढतं आहे आणि त्याच्याबरोबर बायकांचे केसही. ओजेइकेरेंची नजर आदराची आहे, अभ्यासकाची आहे. त्या रचना उद्या राहणार नाहीत हे ओळखून ती त्यांना जपते. पण ती बाई कोण, तिला या क्षणी काय वाटतं आहे, हे त्या चित्रात येत नाही. यायला नकोही, त्याचा विषय तो नाही.

लेतिसिया वळून समोर तोंड करते. एवढ्या एका हालचालीने सगळं पालटतं. केशरचना करणारी तीच, करवून घेणारी तीच, चित्राची मालकीणही तीच. ओजेइकेरेंच्या चित्रात केस हे निरखण्याची वस्तू होतात. लेतिसियाच्या चित्रात ते बोलण्याचा एक अवयव होतात, आणि चेहरा त्या बोलण्याचा सूर ठरवतो. कधी ती मिश्कील असते, कधी निर्विकार. तिची निर्विकार चित्रं मला अधिक आवडतात. डोक्यावर काहीतरी अशक्य उभं आहे आणि ती मात्र पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी शांत. त्या शांततेमुळे ते अशक्य आपल्याला खरं वाटू लागतं.

तिचं सर्वांत गाजलेलं चित्र वेगळ्या जातीचं आहे. स्त्रियांनी लैंगिक छळाबद्दल जगभर उघड बोलायला सुरुवात केली त्या काळातलं. केसांच्या दोन आकृत्या, एक बाई आणि एक पुरुष, आणि तो पुरुष तिचा झगा वर करतो आहे. दोघांना चेहरे नाहीत, नुसत्या काळ्या आकृत्या. रस्त्यावरच्या खुणेच्या पाटीवर स्त्री-पुरुष जितके सोपे करून काढतात तितक्याच सोप्या. विषय क्षणात कळतो, म्हणूनच ते इतकं पसरलं. पण कळून झाल्यावरही ते चित्र संपत नाही, आणि ते मोठं ठरतं ते यामुळेच. छळणारा आणि छळलेली, दोघंही एकाच केसांतून घडली आहेत आणि एकाच डोक्यातून निघाली आहेत. घटना बाहेर, रस्त्यावर, बसमध्ये घडते आणि संपते. डोक्यात ती उभीच राहते. बाई ती वागवत हिंडते. हे लेतिसियाने शब्दांत कुठे सांगितलं आहे की नाही याने फरक पडत नाही, रचनाच ते सांगते. कॅनव्हासवर हाच प्रसंग रंगवला असता तर हा अर्थ हाती लागला नसता.

गर्भाशयाचं चित्रही असंच धीट. शरीरशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेला तो आकार, दोन्ही बाजूंना फाकलेल्या नलिका, माथ्यावर उघड्यावर धरलेला. एरवी हा अवयव पोटात खोल, आणि संभाषणात त्याहून खोल दडवलेला. तो सर्वांत वर आणून ठेवणं यातच निम्मं म्हणणं येतं. आकाराची निवडही चोख आहे: समोरासमोरचा, दोन्ही बाजू सारख्या असलेला, त्यामुळे तो शिंगांच्या शिरोभूषणासारखाही दिसतो, जुन्या राणीच्या मुकुटासारखाही. आफ्रिका खंडाच्या नकाशाच्या आकाराचे केस मात्र मला तितके धरून ठेवत नाहीत. नकाशा ओळखला की काम झालं. तिथे केसाने केसपण सोडलेलं असतं, तो नुसता कापून चिकटवलेल्या आकृतीचं काम करतो. जिथे आकार हलका, घरगुती, थोडा वेडगळ असतो, तिथे लेतिसियाचा हात अधिक मोकळा चालतो असं माझं मत आहे. घोषणेपेक्षा खेळ तिला जास्त साधतो, आणि तिच्या खेळातूनच घोषणा अधिक ठामपणे ऐकू येते.

या खेळाला रोजच्या नटण्याचं अंग आहे, ते विसरलं तर चित्रांवर अन्याय होईल. लेतिसिया कपडेही शिवते, ‘किस्ट्रॉय’ नावाने तिने स्वतःच्या कपड्यांची छाप काढली. त्यामुळे तिच्या चित्रांत पोशाख कधी केसांना आडवा येत नाही आणि कधी नुसता भरतीचाही नसतो. भिंत साधी, बहुधा एकरंगी. त्यावर केसांचा काळा आकार कातरल्यासारखा उठून दिसतो. कपड्याचा रंग भिंतीशी आणि कातडीशी बोलून घेतलेला. कानातलं असलं तर ते तोल सांभाळायला. आज काय घालू, केस कसे करू, हा प्रश्न कोट्यवधी मुली सकाळी आरशासमोर स्वतःला विचारतात. लेतिसियाने तो प्रश्न फालतू मानला नाही, त्याच्यातच राहून तिने उत्तर इतकं लांब नेलं की ते कलादालनात पोचलं. नटणं आणि निर्मिती यांत भिंत घालणाऱ्या समीक्षेला ही चित्रं पेलणार नाहीत.

कलादालन म्हणजे साधंसुधं नव्हे. 2022 सालच्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात आयव्हरी कोस्टच्या दालनात तिचं काम लागलं, तेव्हा ती विशीतच होती. त्याच दालनात फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रे यांचंही काम होतं. बुआब्रे 2014 साली वारले. आपल्या बेते भाषेसाठी त्यांनी चारशेहून अधिक चिन्हांची लिपी तयार केली आणि हाताच्या पंजाएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर बॉलपेन आणि रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढली. या दोघांना शेजारी लावण्यात मला मोठं औचित्य दिसतं. हाताशी जे आहे त्यावर, रोज, एका वेळी एक खूण. बुआब्रेंच्या पुठ्ठ्यांसारखीच लेतिसियाची छायाचित्रंही एकेकटी पाहण्यापेक्षा मालिकेने पाहावीत. मग त्यांतली लिपी दिसू लागते. हात, मूठ, अवयव, वस्तू ही तिची चिन्हं. आणि प्रत्येक चिन्ह उलगडून, तार काढून, केस विंचरून मगच पुढचं. प्रत्येक आकार मोडल्यावरच दुसरा होतो. शिल्पकाराला अशी सक्ती सहसा नसते.

फिलिप लाकोत यांच्या ‘ला न्वी दे र्‍वा’ (2020) या चित्रपटात ती राणी झाली आहे. आबिजानच्या तुरुंगात एका कैद्याला रात्रभर गोष्ट सांगत राहावं लागतं, आणि त्या गोष्टीतली ही राणी. तिच्या केसांना पुराणकथा शोभते यात शंका नाही, आणि स्थिर चित्रांतून ओळखीची झालेली ती मान हलताना, वळताना पाहणं हा वेगळाच आनंद आहे. तरी पडद्यावर एका गोष्टीची उणीव मला जाणवत राहिली. तिथे राणी गोष्टीतल्या माणसांकडे बघते, कॅमेऱ्याकडे बघत नाही. तिच्या स्वतःच्या छायाचित्रांत ती नजर वळवत नाही, म्हणून तिला भेटायचं असेल त्याने आधी तिची छायाचित्रं गाठावीत, सिनेमा नंतर.